पेशवाईंतील बंदिवान : हुकूम आणि कोठडी

न्यायमूर्ति रानडे यांनीं १९०० सालीं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढें पेशव्यांच्या रोजनिश्यांवर जो निबंध वाचला, त्यांत त्या काळीं बंदिवानांस उदारपणें वागवीत असत असा अभिप्राय आहे. जामीन घेऊन कैद्यास धर्मकृत्यांसाठीं व घरच्या कार्यासाठीं सोडीत, हा त्यास आधार. कैलासवासी वाड यांनीं काढलेल्या उताऱ्यांवर हें विधान उभें आहे; तें निराधार म्हणतां येणार नाहीं. तथापि ते कागद कोणत्या कैद्यांविषयीं बोलतात हें आधीं पाहिलें पाहिजे.

जामिनावर सुटावयास जामीन मिळावा लागतो. ज्याच्या मागें घरदार, आप्तइष्ट व हुजुरांत शब्द टाकणारा कोणी होता, त्याचाच अर्ज दप्तरांत चढला. ज्यास कोणी नव्हतें त्याच्याविषयीं कागद नाहीं. परंतु तेवढ्यावरून त्याचे हाल झाले नाहींत असें म्हणणें धाडसाचें होय.

१७९१ च्या ऑगस्टअखेरचें पुण्याचें प्रकरण या दृष्टीनें वाचण्यासारखें आहे. दक्षिणेच्या दिवसांत शहरांत आलेल्या तेलंगी ब्राह्मणांस कोतवाल घाशीराम सावळदास याच्या माणसांनीं रात्रीं धरून एका लहानशा जागेंत कोंडलें. मानाजी फांकडे यांनीं दार उघडविलें तेव्हां आंत प्रेतें होतीं. श्वास कोंडून मेलेल्यांची संख्या २० च्या वर गेली. हे लोक परमुलुखांतले. पुण्यांत त्यांस जामीन कोण राहणार? त्यांस कोंडण्यास हुजूरची सनदही लागली नाहीं, चावडीचा शब्द पुरला. नाना फडणिसांच्या वाड्यापुढें जमाव लोटला नसता, आणि ३१ ऑगस्ट रोजीं कोतवाल दगडांनीं ठेंचला गेला नसता, तर या कोठडीची वार्ता आम्हांपर्यंत कितपत पोंचती याची शंकाच आहे. मेलेले ब्राह्मण होते, हेंही येथें विसरतां कामा नये.

किल्ल्यांवरील थोरामोठ्यांची कैद निराळी. सखारामबापूंचा अंत १७८१ त रायगडावर अटकेंत झाला. ज्या नानांच्या कारभारांत तो झाला, त्यांसच ३१ डिसेंबर १७९७ रोजीं शिंद्यांकडून कैद होऊन अहमदनगरच्या किल्ल्याची हवा खावी लागली! अशांच्या हालचालींचीं पत्रें विपुल आहेत. त्यांच्याच किल्ल्यांवर बेडींत पडलेल्या सामान्य कैद्याचें मात्र नांवही क्वचितच आढळतें.

हुजूर दप्तरानें हा प्रश्न सुटेल असें आम्हांस वाटत नाहीं. हुकूम पुण्यास लिहिला गेला. तो कोठडींत कसा उतरला हें गडावरच्या लोकांस ठाऊक. सबब हवालदार, सबनीस व कारखानीस यांच्या घराण्यांतून जुने रुमाल असतील, तर संग्राहकांनीं केवळ सनदा व वंशावळी वेंचून बाकीचे कागद रद्दी म्हणून टाकूं नयेत. कोठीचे जमाखर्च विशेष जपून ठेवावे. कैद्याचा शिधा कोणत्या तिथीस सुरू झाला, मध्यें किती घटला व कोणत्या तिथीस बंद पडला, हें त्यांतच सांपडावयाचें.