वाऱ्यातल्या आवाजाचा हिशेब

दुपारी ठाणे खाडीवरून वारा सुटला की तुर्भ्यातल्या ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या ट्रकांचा गोंगाट पूर्वेला, एमआयडीसीच्या बाजूला, लांबवर जातो; पश्चिमेला बाजार समितीकडे तो लवकर विरतो. वारा आवाज वाहून नेतो, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण वाऱ्याचा वेग सेकंदाला पाच-सहा मीटर आणि आवाजाचा साडेतीनशेच्या आसपास. एवढ्याशा बळावर वारा काय वाहून नेणार?

जॉर्ज स्टोक्स यांनी १८५७ मध्ये याचा उलगडा केला. जमिनीलगत वारा मंद असतो, वर जोरात. म्हणून वाऱ्याबरोबर निघालेल्या लहरीचा माथा पुढे पळतो, पाय मागे राहतात आणि ती जमिनीकडे झुकते. वाऱ्याविरुद्ध निघालेली लहर वर उचलली जाते. १८७४ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी विजेची घंटा वाजवून हे पडताळलं. वाऱ्याविरुद्धच्या बाजूला खाली ऐकू न येणारी घंटा जरा उंचावर चढलं की ऐकू येई. वाऱ्यातला आवाज समजून घेणाऱ्या प्रयत्नांच्या साऱ्या वंशावळीत मला हाच प्रयोग सर्वांत देखणा वाटतो.

या वंशावळीतली आकडेमोडीची शाखा वेगळ्याच घरात जन्मली. कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी या तीन गणितज्ञांनी १९२८ मध्ये, संगणक नसताना, एक अट मांडली: हवेच्या चौकटी पाडून त्या जाळीवर लहर मोजायची तर काळाच्या एका पावलात तिने साधारण एका चौकटीपलीकडे जाता कामा नये. वाऱ्यात हे पाऊल आणखी आखूड होतं, कारण आवाजाच्या वेगात वाऱ्याचा वेग मिळवावा लागतो.

१९५२ मध्ये जेम्स लाइटहिल यांनी जेट इंजिनाच्या आवाजासाठी आडवाट काढली: खवळलेल्या हवेला ध्वनीचा उगम मानायचं आणि पुढचा प्रवास स्थिर हवेत झाला असं धरायचं. विमानाला ते चाललं. रस्त्यावर मात्र वारा वाटेतच असतो.

तिथे खरी अडचण आवाजाच्या क्षुल्लकपणाची. हवेचा दाब सुमारे एक लाख पास्कल. ९० डेसिबलचा गोंगाट त्यात जेमतेम ०.६ पास्कलची थरथर. हवेचे प्रवाह मोजणाऱ्या जुन्या पद्धती ज्या चुका पोटात घालत, त्यांतच आवाज बुडून जाई. शिवाय जाळीवर आखूड आणि लांब लहरी वेगवेगळ्या वेगाने धावत. हॉर्नचा तुटक आवाज पसरट होऊन पोचे. १९९२ मध्ये स्टॅनफर्डचे संजीव लेले (आडनाव ओळखीचं वाटेल) यांनी जाळीच्या शेजारच्या बिंदूंवरचे दाबाचे उतार एकत्र सोडवणारी आटोपशीर सूत्रं दिली. पुढच्याच वर्षी टॅम आणि वेब यांनी लहरींचे वेग बिघडणार नाहीत अशा बेताने सूत्रांतले गुणक निवडले.

त्याने काय वाचतं? तुर्भ्याचा एक किलोमीटर लांब, शंभर मीटर उंच उभा छेद घ्या. ५०० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ७० सेंटिमीटर. एका लहरीला वीस बिंदू दिले तर आठ कोटी चौकटी होतात. नव्या सूत्रांमुळे दहा बिंदूंवर भागलं तर दोन कोटी.

उरला जाळीचा काठ. पूर्वेच्या पारसिक डोंगरावरून परतणारा आवाज खरा, तो ठेवायचा. जाळी संपते तिथून परतणारा खोटा, तो गिळायचा. फांग हू यांनी १९९६ मध्ये त्यासाठी शोषक थर आणला. पण वाहत्या हवेत काही लहरींची शिखरं एकीकडे आणि ऊर्जा दुसरीकडे जाते. अशा लहरी थरात विझण्याऐवजी फुगत. ते सावरायला २००१ उजाडलं.