धरणीकंपाची वही
धरणीकंप क्षणांचा, त्याची नोंद मात्र पिढ्यांचे काम. जपानातून परतलेल्या जॉन मिल्न यांनी १८९५ साली इंग्लंडच्या वाइट बेटावर वेधशाळा थाटली व देशोदेशींच्या केंद्रांकडून नोंदी मागविल्या. मुंबईची कुलाबा वेधशाळाही त्यांत होती. एका केंद्राच्या नोंदीवरून भूकंपाचे अंतर कळते, स्थान नव्हे. त्यासाठी अनेकांच्या वेळा जुळवाव्या लागतात. मिल्न १९१३ साली वारले. टर्नर यांनी ऑक्सफर्डहून काम चालविले. १९६४ साली स्थापलेले आंतरराष्ट्रीय भूकंपशास्त्रीय केंद्र आज उशिरा आलेल्या नोंदीही जमेस धरून, सुमारे दोन वर्षांनी, तपासलेली यादी सिद्ध करते. घर, धरण किती भक्कम बांधावे, हे अशा याद्यांच्याच आधारे ठरते. मात्र यादीत नोंद नाही म्हणून भूमी निर्धोक नव्हे, हे दख्खनचे पठार अचल मानणाऱ्या आम्हांस १९६७ साली कोयनेने शिकविले.