नाव नसलेली नोंद

घराण्याचा इतिहास शोधू गेल्यास आजे-पणजे सापडतात, पणज्या मात्र सापडत नाहीत. माझ्या पणजीच्या जन्माची नोंद शोधताना जे कळले, ते आपणांपुढे ठेवते.

साऱ्या देशात जन्माची नोंद सक्तीची झाली ती १९६९ च्या कायद्याने. त्यापूर्वी खेड्यातले जन्ममृत्यू कोतवाल बुकात लिहीत. ही जुनी बुके तहसील कचेरीच्या दप्तरखान्यात पाहावयास मिळतात. पुष्कळ नोंदी मोडीत असल्याने मोडी जाणणारे कोणी सोबत असावे.

पणजीचे जन्मसाल घरात कोणालाच ठाऊक नव्हते. "मानमोडीच्या साथीतली" एवढेच आजी सांगे. ती साथ १९१८ ची. तेव्हा साल हाती आले. पणजीच्या वडिलांच्या गावच्या बुकात काही मिळाले नाही. पण पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत. पणजी थोरली, म्हणून तिच्या आजोळचे बुक पाहिले. तेथे वडिलांच्या नावापुढे एकच शब्द होता : 'मुलगी'. बारशाआधी वर्दी गेली, की नाव लिहिण्याचे राहूनच जाई.

पणजीचे माहेरचे नाव कळले ते आजीच्या तोंडून. कागदावर ते कोठेच नव्हते. म्हणून भगिनींनो, घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना त्यांचे माहेरचे नाव, आजोळचे गाव आणि जन्माच्या वेळची एखादी मोठी घटना आजच विचारून घ्या व वहीत उतरवून ठेवा. आपल्या नातींना तरी शोधत फिरावे लागू नये.