हाली रुपया आणि सराफाची मूस

नाणें खर्चिल्यानें नाहींसें होत नाहीं, वितळविल्यानें होतें. १९१८ सालीं अमेरिकेनें पिटमन कायद्यान्वयें सुमारें २७ कोटि चांदीचे डॉलर वितळविले व बहुतेक चांदी हिंदुस्थानच्या रुपयांकरितां इंग्रज सरकारास विकली. कोणत्या सालचे किती डॉलर आटले, ही नोंद मात्र कोणी ठेविली नाहीं. म्हणून टांकसाळीच्या आंकड्यांवरून कोणता डॉलर दुर्मिळ, हें तेथील संग्राहकांस आजहि ठरवितां येत नाहीं.

आमच्या नांदेड-लातुरांतहि तीच चूक होऊं पाहत आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत असल्यामुळें येथें हाली शिक्का चाले; सहा इंग्रजी रुपयांस सात हाली, असा साधारण हिशेब असे. चारमिनारच्या कमानींत ‘मीम’ अक्षर असल्यास तो रुपया महबूब अलीखानाचा, ‘ऐन’ असल्यास उस्मान अलीखानाचा. सराफाच्या तराजूस हा भेद कळत नाहीं. त्यास कळतें तें वजन. तेव्हां आजीच्या पेटींतील हाली रुपया मोडीस देण्यापूर्वीं त्यावरील अक्षर व हिजरी साल तरी टिपून ठेवावें, एवढीच वाचकांस आमची विनंति आहे.