धर्मानंद कोसंबींच्या प्रवासाचा खर्च कोणी केला?

तिवसा येथील आमच्या मित्रमंडळात सध्या पाठीवर पिशवी टाकून श्रीलंका हिंडून येण्याचे बेत शिजत आहेत. चर्चा एकाच आकड्याभोवती फिरते : दिवसाला किती रुपयांत भागेल? मित्रहो, १९०२ साली एका मराठी माणसाने हा आकडा जवळपास शून्यावर आणला होता. आजचा धागा त्या शून्याविषयी.

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे झाला. बुद्धाविषयी वाचून ते झपाटले आणि १८९९ मध्ये घराबाहेर पडले. (गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या अमलाखाली, म्हणजे पुणे गाठणे हाही परदेशप्रवासच!) पुढे ग्वाल्हेर आणि काशी. काशीत संस्कृतचे अध्ययन चाले आणि जेवण अन्नछत्रात होई. मात्र ही अन्नछत्रे ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी होती. कोसंबी जन्माने सारस्वत ब्राह्मण नसते, तर तेथे त्यांचे पान मांडले गेले नसते.

१९०२ मध्ये ते नेपाळला गेले. तेथील बौद्ध धर्माची अवस्था पाहून निराश झाले. मग बोधगया, कलकत्ता, मद्रास करीत कोलंबो. तेथील विद्योदय विहारात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली ते श्रामणेर झाले आणि पालीच्या अभ्यासाला लागले. येथे जात आड आली नाही. विहारात निवारा, ग्रंथ आणि गुरू, तिन्ही विनामूल्य. श्रामणेराच्या दहा शीलांपैकी एक माध्यान्हीनंतर न जेवण्याचे, तर दुसरे सोने-चांदी न स्वीकारण्याचे. म्हणजे काटकसर दूरच, पैसा हाती घेण्याचीच मनाई! साहजिकच भात उपासकांच्या घरचा आणि तिकीट दुसऱ्याच्या खिशातले. पुढच्या वर्षी ब्रह्मदेशात गेल्यावरही हीच व्यवस्था उपयोगी पडली.

त्यांच्या धैर्याचे मोल मला कमी करायचे नाही. पण शेकडो वर्षे दान देत आलेल्या लोकांनी उभारलेली ही साखळी नसती, तर हा प्रवास मद्रासच्या किनाऱ्यावरच संपला असता. आणि एक रक्कम कोणत्याच हिशेबात दिसत नाही. पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी मागे गोव्यातच होत्या.

फुकट पान आणि फुकट निवारा कोणाला मिळे, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यातील एका माणसानेही धसास लावला. गाडगेबाबांचा जन्मही १८७६ चाच, अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्यांना धर्मशाळांची दारे बंद असत. बाबांनी त्यांच्यासाठी तेथे चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. पुढचा धागा तिच्यावर.