वाटपाची वही

आमच्या कचेरीतील एक वयस्क सहकारी आपल्या चर्चमध्ये ‘डीकन’ आहेत. महिनाअखेरीस जेवणाच्या सुट्टीत ते जाड पुठ्ठ्याची एक वही काढून बसतात. मंडळीतील विधवा, आजारी व बेकार माणसांची नावे तीत लिहिलेली असतात, आणि प्रत्येक नावापुढे रक्कम. एकदा आम्ही त्यांना थट्टेने विचारले, “इतक्या वर्षांत यादी पाठ झाली असेल, मग वाचता कशाला?” ते म्हणाले, “आहेत ती नावे पाठच आहेत. राहून गेलेले एखादे शोधतो आहे.” हे उत्तर ऐकून आम्ही थोडे वरमलो. गेली दहा-बारा वर्षे आम्हीही याद्याच करीत आलो आहोत. परंतु राहिलेले नाव शोधण्यासाठी यादी वाचावी, हे आम्हांस कधी सुचले नव्हते. त्या निमित्ताने या पदाचा इतिहास आम्ही चाळला, तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

‘डीकन’ हा शब्द ग्रीक ‘दियाकोनोस’ यापासून आला. त्याचा अर्थ सेवक. पंक्तीत वाढणाऱ्यासही तोच शब्द. मराठी बायबलाने ‘सेवक’ हाच प्रतिशब्द घेतला आहे. या पदाचे मूळ एका तक्रारीत आहे, आणि ती तक्रार परमुलखात राहणाऱ्या आम्हां मंडळींस सहज समजण्यासारखी आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात तिची हकीकत येते. यरुशलेमेतील पहिल्या मंडळीत गरजूंना रोज अन्नवाटप होत असे. त्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहूदी ख्रिस्ती लोकांनी सुरू केली. यांतील बऱ्याच जणांची घराणी दूरदेशी राहून आलेली. स्थानिक लोकांची भाषा निराळी, ओळखीपाळखी निराळ्या. तेव्हा वाटपाच्या वेळी कोण विसरले जाणार, हे सांगावयास नकोच.

प्रेषितांनी तक्रार दडपली नाही, की चौकशीच्या नावाखाली लांबणीवर टाकली नाही. चांगल्या लौकिकाचे सात पुरुष तुम्हीच निवडा, असे त्यांनी मंडळीस सांगितले. निवडले गेले ते स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा नीकलाव. ही सातही नावे ग्रीक आहेत! त्यावरून बहुतेक अभ्यासक असे अनुमान करितात की, ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप सोपविले गेले. मूळ वृत्तांतात या सातांस ‘दियाकोनोस’ ही पदवी दिलेली नाही. परंपरेने मात्र त्यांनाच पहिले डीकन मानले.

पुढे ही व्यवस्था पसरली. किंख्रिया येथील मंडळीच्या फीबी नावाच्या स्त्रीस पौलाने हाच शब्द लाविला आहे. इ. स. १५० च्या सुमारास रोम येथे लिहिणारा जस्टिन सांगतो की, उपासनेस येऊ न शकलेल्यांकडे प्रसादाची भाकर व द्राक्षारस डीकन पोहोचवीत. म्हणजे हजर असलेल्यांइतकीच गैरहजर असलेल्यांची नोंद ठेवणे हेही त्यांचे काम होते.

तिसऱ्या शतकातील रोमच्या मंडळीचा तर जणू हजेरीपटच उपलब्ध आहे. बिशप कॉर्नेलियस याने इ. स. २५१ मध्ये लिहिलेल्या पत्राचा भाग इतिहासकार युसेबियस याने जपून ठेविला. त्यात ४६ वडील, ७ डीकन, ७ उपडीकन आणि ४२ सहायक यांची गणना आहे. आणि मंडळीच्या आधारावर जगणाऱ्या विधवा व दीनजन १५०० हून अधिक. वडिलांची संख्या वाढत गेली, पण यरुशलेमेच्या स्मरणार्थ डीकन सातच राहिले. तत्पूर्वी बिशप फेबियन याने शहराचे विभाग पाडून ते या डीकनांत वाटून दिले होते.

इ. स. २५८ मध्ये सम्राट व्हॅलेरियन याच्या हुकुमाने बिशप सिक्स्टस व त्याचे डीकन मारले गेले. लॉरेन्स हा डीकन चार दिवसांनी, १० ऑगस्टला बळी पडला. चर्चचा खजिना हजर कर, असा हुकूम होताच त्याने शहरातील दरिद्री माणसे आणून उभी केली, अशी कथा शंभराहून अधिक वर्षांनंतर अँब्रोज याने लिहून ठेविली आहे. कथेत भर पडली असेल; परंतु ती दुसऱ्या कोणाविषयी न सांगता डीकनाविषयी सांगितली गेली, यात अर्थ आहे. वही ज्याच्या हाती, त्यालाच खजिना म्हणजे काय हे ठाऊक.

याची दुसरी बाजूही लपवून चालणार नाही. दुसऱ्या शतकातील हर्मासच्या ग्रंथात विधवा-अनाथांचा पैसा खाणाऱ्या डीकनांचा निषेध आहे. इ. स. ३२५ च्या निकिया परिषदेस तर डीकनांनी वडिलांच्या पंक्तीस बसू नये, असा नियम करावा लागला. वाढप्यास खुर्चीचा मोह पडला! पुढे पाश्चात्य चर्चमध्ये हे पद बहुतांशी पुरोहितपदाची केवळ एक पायरी होऊन बसले.

जिनिव्हा येथे कॅल्व्हिनने १५४१ च्या नियमांत त्यास पुन्हा जुने काम दिले. एका प्रकारच्या डीकनांनी गरिबांचा निधी सांभाळावा, दुसऱ्यांनी रुग्णांची व दरिद्र्यांची प्रत्यक्ष शुश्रूषा करावी. कॅथलिक चर्चमध्येही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६७ मध्ये, कायम डीकनाचे पद पुन्हा सुरू करण्याची वाट मोकळी झाली.

आम्हीही स्वतःस ‘सेवेत’ आहोत असे म्हणवितो. सेवापुस्तक, सेवाज्येष्ठता हे शब्द आमच्या नित्याच्या बोलण्यात असतात. यादीतून एखादे नाव सुटले, तर अर्जदाराने पुन्हा अर्ज करावा, असा शेरा मारून आम्ही मोकळे होतो. परवा एक निवृत्तिवेतनाची यादी सहीसाठी वर पाठविण्यापूर्वी आम्ही जुन्या यादीशी ताडून पाहिली. एका विधवेचे नाव नकलेत गळले होते. ते आम्ही लिहिले, आणि यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली.