पंतोजीपासून कुरणशाळेपर्यंत

शिक्षणाच्या इतिहासावर आपल्याकडे जें लिहिलें जातें त्यांत शाळांची संख्या, पटावरील मुलें आणि सरकारी खर्च यांची चर्चा पुष्कळ असते. परंतु ज्याच्या हाताखालीं मूल पहिलें अक्षर गिरवितें त्या शिक्षकाला कोणी व कसें तयार केलें, हा विषय बहुधा दुर्लक्षितच राहतो. वस्तुतः निरनिराळ्या घरांतून, निरनिराळ्या बोली बोलत आलेल्या मुलांना एकाच पुस्तकावरून लिहावयास-वाचावयास शिकविणें हें काम वाटतें तितकें सोपें नाहीं. नाशिक जिल्ह्याचेंच उदाहरण घ्या. बागलाण-मालेगांवच्या बाजूस अहिराणी, सुरगाणा-पेठच्या डोंगरांत कोकणा समाजाची बोली, कोठें भिल्लांची तर कोठें वारल्यांची, आणि गोदाकांठीं शहरी मराठी! मराठी शाळेंतलें पहिलें पुस्तक मात्र सर्वांना एकच. हें अंतर शिक्षकानें तोडावें, तर त्याला तें तोडण्याची विद्या कोणी दिली, हें पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

इंग्रजी अमदानीपूर्वीं गांवोगांवच्या शाळा पंतोजी चालवीत. धुळपाटीवर अक्षरें गिरविणें, पाढे घोकणें आणि मोडी लिहूं-वाचूं लागणें, एवढा तो अभ्यासक्रम. शिकविण्याची म्हणून कांहीं निराळी विद्या असते, ही कल्पनाच तेव्हां नव्हती. मुलें बहुधा लेखणीवर किंवा तागडीवर पोट असलेल्या घरांतलीं. कागद-दौत त्यांनीं घरीं पाहिलेली असे. त्यामुळें पद्धतींत जें उणें पडे तें घर भरून काढी. ज्या घरांत अक्षरच नव्हतें, तेथल्या मुलाचें काय करावें, हा प्रश्न पंतोजीपुढें क्वचितच आला असेल, कारण तें मूल शाळेंत येतच नसे.

पुढें इ. स. १८२० नंतरच्या दशकांत कॅप्टन जॉर्ज जर्विस यांच्या देखरेखीखालीं मुंबईस शिक्षक तयार करून जिल्ह्यांत पाठविण्यांत आले. १८४५ च्या सुमारास नॉर्मल क्लासचें काम बाळशास्त्री जांभेकरांकडे आलें. पण दुर्दैवानें १८४६ मध्यें ते निवर्तले. नंतर पुण्यास ट्रेनिंग कॉलेज झालें. कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारखे पंडित त्याचे प्रिन्सिपॉल होते, आणि शिक्षकांच्या हातीं ‘शालापत्रक’ पडत असे. या उद्योगाचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. शुद्ध लिहिणारा, व्याकरण जाणणारा मास्तर त्यानें महाराष्ट्राला दिला. परंतु त्या शिक्षणाचा रोख विषयाकडे होता, मुलाकडे नव्हता.

ही उणीव स्पष्ट शब्दांत सरकारपुढें मांडण्याचें श्रेय जोतीराव फुले यांस आहे. १८४८ मध्यें मुलींची शाळा आणि १८५५ मध्यें श्रमकऱ्यांसाठीं रात्रीची शाळा चालविलेल्या या पुरुषानें १८८२ च्या ऑक्टोबरांत हंटर कमिशनला निवेदन सादर केलें. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, ही त्यांतील मागणी सर्वांस ठाऊक आहे. शिक्षकांविषयींचा मजकूर तितकासा वाचला जात नाहीं. शिक्षक शक्य तों ट्रेनिंग घेतलेले असावेत. त्यांचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा व मोठ्या गांवीं तो पंधरा किंवा वीस रुपये असावा. ते शेतकरी वर्गांतून घ्यावेत, म्हणजे ते त्या लोकांत मोकळेपणानें मिसळून त्यांच्या गरजा ओळखतील. नांगर किंवा वाकस हातीं धरण्याची त्यांना लाज वाटूं नये. मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांबरोबर शेतीचें प्राथमिक ज्ञानही शाळेंत द्यावें, असें त्यांनीं सुचविलें.

यावर कोणी म्हणेल, शिक्षकाची जात किंवा धंदा पाहण्याचें कारण काय? उत्तम शिकविलें म्हणजे झालें. पण ज्या शाळेंत महार-मांगांच्या मुलांना इतरांशेजारीं बसूं दिलें जात नव्हतें, तेथें ‘उत्तम शिकविणें’ या शब्दांना अर्थ काय उरतो? ज्याला शिकावयाचें त्याच्याजवळ जाण्याचीच ज्याला शंका, त्याला कोणतें कॉलेज शिक्षक बनविणार? जोतीरावांच्या मागणीचें मर्म जन्मांत नव्हे, या जवळिकींत आहे, असें आम्हांस वाटतें.

त्याची साक्ष पुढच्या शतकांत मिळाली. १९२९ ते १९३३ या काळांत नाशिक जिल्ह्याच्या चांदवड भागांतील ग्रामीण शाळांतून अनुताई वाघ या तरुण शिक्षिका काम करीत होत्या. बालविवाह व बालवैधव्य दोन्ही त्यांच्या वाट्यास आलेलीं. नंतर कांहीं वर्षें पुण्याच्या हुजूरपागेंत काढून त्या ताराबाई मोडकांच्या कार्यांत दाखल झाल्या. ताराबाईंनीं गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ मध्यें नूतन बालशिक्षण संघ स्थापिला होता. १९४५ मध्यें बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र निघालें, आणि १९५७ मध्यें तें डहाणू तालुक्यांत कोसबाडच्या टेकडीवर गेलें.

तेथें वारल्यांचीं मुलें शाळेंत येईनात. कोणी गुरें राखी, कोणी धाकटें भावंड सांभाळी. अशा वेळीं आईबापांना दोष देऊन हजेरीपट मिटणें सोपें होतें. या दोघींनीं उलट शाळाच उचलली. ती पाड्यावरच्या अंगणांत नेली, ती अंगणवाडी. गुरांमागें रानांत नेली, ती कुरणशाळा. धाकट्या भावंडांसाठीं पाळणाघर शाळेला जोडलें. विलायती साधनांचा खर्च परवडण्याजोगा नव्हता. तेव्हां खडे, शिंपले, बिया, पानें हींच साधनें झालीं. आणि हें सर्व करूं शकतील अशा बालसेविका तेथेंच, त्याच कामांत तयार होऊं लागल्या. ताराबाई किंवा अनुताई, दोघींपैकीं कोणीही वारली घरांत जन्मलेली नव्हती, हें येथें ध्यानांत घ्यावें. १९७५ मध्यें सरकारी बालविकास योजना निघाली तेव्हां ‘अंगणवाडी’ हें नांव देशभर झालें.

आज साधनांचा तुटवडा पूर्वींइतका नाहीं. १९८९ मध्यें स्थापन झालेल्या नाशिकच्या मुक्त विद्यापीठानें नोकरी न सोडतां बी. एड. होण्याची वाट शिक्षकांस करून दिली. २००९ च्या कायद्यानें शाळा चुकलेल्या मुलास त्याच्या वयाच्या वर्गांत प्रवेश दिला, आणि शक्य तेथवर मातृभाषेंतून शिकवावें असेंही सांगितलें. पण कायदा मुलाला वर्गापर्यंत आणतो. त्यापुढचें काम शिक्षकाचें. सुरगाण्याच्या मुलाची घरची बोली चूक म्हणून खोडावयाची, कीं तिच्या आधारानें त्यास पुस्तकी मराठीपर्यंत न्यावयाचें, हें त्या वर्गांत ठरतें. प्रमाण मराठी त्यास यावीच. तिच्यावांचून त्याचें कचेरींत व बाजारांत अडेल. परंतु जो आपल्याच शब्दांना लाजूं लागला तो पुस्तकांतल्या शब्दांजवळ जाण्यासही भितो.

म्हणून शिक्षक तयार करणाऱ्या संस्थांनीं पदवीबरोबर एवढें पाहावें, कीं आपला विद्यार्थी कांहीं काळ तरी पाड्यावर राहिला आहे काय, तेथली बोली त्याच्या कानांवरून गेली आहे काय. पगाराचें, ट्रेनिंगचें आणि मिसळण्याचें अशीं तीन कलमें जोतीरावांनीं १८८२ मध्यें एकत्र मांडलीं होतीं. पहिल्या दोहोंचा हिशेब सरकारी दप्तरांत सांपडतो. तिसऱ्याचा मागण्याची वेळ आतां आली आहे.